आयडलचा रकाना

मस्कतला, वादी कबीरच्या आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो,
भाजल्या नाचणीच्या रंगाचा, अंगावर गवताची काडी नसलेला.
वादी म्हणजे कोरडा ओढा, हे इथे आल्यावर कळलं.
तोवर वाटायचं, कुणा कबीराची वाडी असेल.

त्या खिडकीशी बसून इरावती आणि तिची मैत्रीण शेरीन
अ‍ॅप बनवतात. शाळेची स्पर्धा आहे.
मुलांनी वेळ कसा वापरावा ते अ‍ॅप सांगणार:
अभ्यास निळा, ट्यूशन जांभळी, खेळ हिरवा, बस पिवळी.
शेरीन अल अमरातहून येते, पाच पन्नासच्या बसने,
तिचा पिवळा पट्टा हिरव्याहून लांब.

दोन दिवस गेले नुसता आठवडा कुठून सुरू होतो यात.
अ‍ॅप म्हणे सोमवार, शाळा म्हणे रविवार.
मग पुण्याच्या गणिताच्या सरांचा क्लास संपल्यावर
त्याची घंटा वाजू लागली. दीड तासाचा घोळ.
"दीडशहाणं आहे हे," इरा म्हणाली,
आणि शेरीनला तो शब्द समजावता समजावता चहा निवला.

"अंकल, तुम्ही टाइमकीपर ना?
मग तुम्हाला तर सगळं माहीत असेल."

एकोणीस वर्षं.
साइटच्या फाटकाशी पत्र्याची केबिन, आधी रजिस्टर,
नंतर अंगठ्याचं मशीन.
सिमेंटने अंगठे इतके झिजलेले की मशीन ओळखायचं नाही,
मग मी ओळखायचो.
दुसऱ्यांचे तास लिहिण्यात माझे किती गेले,
ते कुठल्याच कागदावर नाही.

त्यांनी स्क्रीन पुढे केली.
तळाशी लाल पट्टा होता: वाया.
जो तास कशातच बसत नाही तो आपोआप तिथे पडतो,
लाल वाढला की फोन थरथरतो.
काम सुबक होतं.

माझ्या रजिस्टरातही होता तो रकाना. आयडल.
सोहारच्या साइटवर एकदा काँक्रीटची गाडीच आली नाही.
बैजनाथ सुतार शटरिंग ठोकून तयार,
हातोडी कमरेला, डोळे रस्त्यावर,
सव्वादोन तास उन्हात उभा.
इंजिनिअर म्हणाला, आयडल लिहा.
मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.
महिनाअखेरीस त्याने पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली,
त्या आकड्यावर बोट ठेवलं,
आणि काही न बोलता चिठ्ठीची घडी करून गेला.

हे मी मुलींना सांगायला बसलो नव्हतो. सांगितलं गेलं.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
"मग काय लिहायला हवं होतं बाबा?" इराने विचारलं.
मी म्हटलं, "आधी जेवून घ्या."

रात्री पाणी प्यायला उठलो तर खोलीत स्क्रीनचा उजेड.
लाल पट्टा गेला होता.
त्या जागी एक बटण, अजून रंग न दिलेलं,
वर इंग्रजीत दोन-तीन शब्द. आपल्या भाषेत सांगायचं तर:
वाट पाहत होते.

परीक्षकांनी विचारलं, यामुळे मुलांची कार्यक्षमता
किती टक्के वाढते?
शेरीन म्हणाली, वाढत नाही.
तिसरा नंबर. बक्षीस पॉवर बँक, दोघींत एक.
एक आठवडा हिच्याकडे, एक तिच्याकडे,
तेवढं मात्र अ‍ॅप बिनचूक सांगतं.

वर्गातल्या अकरा फोनांवर ते आहे.
इरा म्हणते, सगळ्यात जास्त तेच बटण दाबलं जातं.
बसची वाट, निकालाची,
जहाजावरून येणाऱ्या बापाच्या फोनची.
एक मुलगा रोज दाबतो, कशाची ते लिहीत नाही.

बारावा फोन माझा.
काल कंपनीची गाडी उशिरा आली.
फाटकाशी उभ्या उभ्या मी बटण दाबलं: चाळीस मिनिटं.
मग बैजनाथचे सव्वादोन तास कुठे भरता येतील
ते बोटाने चाचपत राहिलो.

मागची तारीख ते घेत नाही.